जपानी भाषेचे पहिले युरोपीय विद्यार्थी

दिवसभराची नोकरी आटोपून सायंकाळी जपानी भाषेच्या वर्गास जाणारी माणसे आज पुण्यामुंबईस विरळा राहिलेली नाहीत. कोणास कारखान्यात बढती हवी असते, कोणास त्या देशी जावयाचे असते, तर कोणी निव्वळ हौसेने जातो. अशा वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर जी अक्षरे उमटतात ती पाहून मराठी विद्यार्थी चकित होतो. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न. पुढे म, य, र, व. चीनच्याही पलीकडील बेटांवर ही आपल्या घरची ओळ कशी पोचली, असे त्यास वाटते. आणि ते वाटणे वावगे नाही. संस्कृत मंत्राक्षरांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंनीच जपानी वर्णांस हा क्रम लावून दिला. परंतु या ओळखीच्या पंगतीत एक पाहुणा भलत्याच पाटावर बसलेला दिसतो. ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये, जेथे आपल्याकडे ‘प’चे सारे कुटुंब नांदते तेथे, जपानी लोकांनी ‘ह’ बसविला आहे. त्यातही हा, हि म्हणून झाल्यावर ‘हु’ यावा, तो न येता ‘फु’ येतो. विद्यार्थ्याने कारण विचारले तर बहुधा पाठ करण्याचा उपदेश मिळतो.

या कोड्याची उकल चारशे वर्षांपूर्वीच्या काही विद्यार्थ्यांनी छापून ठेविलेल्या पुस्तकांत सापडते. ते विद्यार्थी जपानी नव्हते, आणि त्यांच्या अभ्यासाची पूर्वतयारी झाली ती गोव्यात.

इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसे प्रथम जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५४७ च्या डिसेंबरात, मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियर यास एक जपानी मनुष्य येऊन भेटला. त्याचे नाव आंजिरो. हा कागोशिमाचा राहणारा. हातून मनुष्यवध घडला म्हणून पोर्तुगीज गलबतावर चढून देशांतरास निघालेला. गलबताच्या कप्तानाने त्यास झेवियरकडे जाण्याचा सल्ला दिला होता. झेवियरने त्याच्याशी बोलणे करून पाहिले. आपण जपानात गेलो तर तेथील लोक ख्रिस्ती होतील काय, असा सरळ प्रश्न त्याने घातला. आंजिरोचे उत्तर मोठे मार्मिक होते. लगेच होणार नाहीत. आधी पुष्कळ प्रश्न विचारतील, तुमची उत्तरे तपासतील, आणि तुमचे बोलणे व चालणे एक आहे की नाही हे पाहतील, असे तो म्हणाला. झेवियर या उत्तराने निराश न होता उलट भारून गेला.

१५४८ च्या मार्च महिन्यात आंजिरो आपल्या दोन सोबत्यांसह गोव्यास आला. तेथे सेंट पॉलच्या विद्यालयात त्याची राहण्याची सोय झाली आणि त्याच वर्षीच्या २० मे रोजी त्याचा बाप्तिस्मा होऊन ‘पावलु द सांता फे’ असे त्याचे नवे नाव ठेवण्यात आले. म्हणजे क्रम असा की, गुरुजी प्रथम शिष्य झाले. आंजिरो मोठा तल्लख होता. अवघ्या काही महिन्यांत तो पोर्तुगीज लिहू वाचू लागला. मॅथ्यूचे शुभवर्तमान दोनदा ऐकून त्याने तोंडपाठ केले, असे त्याच्या शिक्षकांनी नमूद केले आहे. त्याने जपानी अक्षरे काढून दाखविली तेव्हा, तुम्ही आमच्याप्रमाणे आडव्या ओळी का लिहीत नाही, असे झेवियरने त्यास विचारले. आंजिरोने उलट विचारले की, तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर व पाय खाली असतात. लिहिणेही तसेच वरून खाली असावे.

विद्यालयाचा प्रमुख लान्सिलोतो याने आंजिरोकडून जपानची माहिती विचारून लिहून घेतली. त्या टिपणातच पुढील अनर्थाचे बीज आढळते. आंजिरोने प्रामाणिकपणे सांगितले होते की, आमच्या धर्माचे ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती सामान्य माणसास येत नाही. तुमच्याकडील लॅटिनसारखीच तिची गोष्ट आहे. तात्पर्य, हा मनुष्य व्यवहाराची लिपी जाणत होता, परंतु चिनी अक्षरांतील शास्त्रग्रंथ त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. गोव्यात त्याची ही कबुली लिहून ठेवली गेली. तिचा अर्थ मात्र कोणी मनावर घेतला नाही. त्याच्या हुशारीने सर्वांचे डोळे दिपले होते. हुशार आणि व्युत्पन्न या दोन गोष्टींतील अंतर शाळेतदेखील पुष्कळदा उशिरा कळते.

१५ एप्रिल १५४९ रोजी ही मंडळी गोव्याहून निघाली. झेवियरबरोबर पाद्री कोस्मे द तोरेस, हुआन फर्नांदेझ नावाचा एक साधा धर्मबंधू, आंजिरो व त्याचे दोन सोबती आणि दोन नोकर होते. मलाक्का येथे एका चिनी चाच्याचे गलबत मिळाले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमास लागले. झेवियर त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता. पॅरिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविलेल्या या गृहस्थास आता भाजीपाला मागण्यापुरतेही शब्द येत नव्हते. त्याने गोव्यास पाठविलेल्या पत्रात आपली स्थिती लपविलेली नाही. लोक आपल्याविषयी भोवती काय काय बोलतात आणि आपण त्यांच्यामध्ये पुतळ्यासारखे मुके उभे असतो. भाषा शिकण्यासाठी पुन्हा लहान मूल व्हावे लागत आहे, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. प्रौढ वयात परकी भाषा शिकू लागलेल्या कोणासही हे वर्णन परके वाटणार नाही.

आता या शिष्याने कोणती पद्धत अवलंबिली? तीच, जी त्याने हिंदुस्थानात वापरली होती. तमिळ किनाऱ्यावर कोळी लोकांत काम करताना त्याने दुभाष्यांकडून प्रार्थनांचे भाषांतर करवून घेतले, ते रोमन अक्षरांत उतरून पाठ केले आणि गावोगाव म्हणून दाखविले. त्या भाषांतरात एक विनोदी चूक राहिली होती. ‘माझा विश्वास आहे’ असे जेथे म्हणावयाचे तेथे दुभाष्याने ‘मला हवे आहे’ या अर्थाचा शब्द घातला होता, आणि लोक महिनोन्महिने तेच म्हणत होते. १५४४ मध्ये झेवियरने आपल्या सहकाऱ्यास पत्र लिहून ती दुरुस्ती कळविली आणि तेथे ‘विश्वास’ हा शब्द घालावयास सांगितले. एवढा अनुभव गाठीशी असता कागोशिमातही त्याने पुन्हा तोच मार्ग धरला. दोष कोणास द्यावा? तो घाईत होता, आणि घाईत असलेल्या माणसास पाठांतराखेरीज दुसरी वाट दिसत नाही.

चाळीस दिवसांत दहा आज्ञांचे निरूपण करण्यापुरती भाषा आली, असे तो लिहितो. मग तो हिवाळा आंजिरोच्या साहाय्याने धर्मतत्त्वांचे एक विस्तृत पुस्तक जपानीत रचण्यात गेला. जपानात वरच्या वर्गातील पुष्कळ लोक लिहू वाचू शकतात, म्हणून ते छापावे असाही त्याचा मानस होता. ते पुस्तक रोमन अक्षरांत उतरून घेऊन झेवियर देवळाच्या आवारात बसून मोठ्याने वाचीत असे. ऐकणारे त्याच्या उच्चारांस हसत. तरीही फुकुशोजी मठाचा वृद्ध महंत निन्शित्सु याच्याशी त्याचा स्नेह जडला, ही गोष्ट त्या दोघांच्याही थोरपणाची म्हटली पाहिजे.

पुस्तकात मुख्य अडचण एका शब्दाची होती. परमेश्वरास जपानीत काय म्हणावे? आंजिरोने शब्द दिला ‘दाइनिचि’. या शब्दाचा अक्षरशः अर्थ महान सूर्य. आणि तो ‘महावैरोचन’ या संस्कृत नावाचे भाषांतर आहे. जपानात शिंगोन नावाचा एक बौद्ध संप्रदाय आहे. ‘शिंगोन’ म्हणजे सत्य वचन. आपल्या ‘मंत्र’ शब्दाचाच तो पर्याय. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी कूकाइ नावाच्या आचार्याने तो चीनमधून आणला. या पंथात महावैरोचन बुद्ध हे सर्व विश्वाचे मूळ मानितात. आंजिरोच्या समजुतीप्रमाणे सर्वांचे आदिकारण म्हणजे दाइनिचि. तेव्हा पाद्र्यांचा ‘देउस’ तो हाच. त्याने फसविले असे नव्हे. त्याने आपल्या परीने उत्तमातला उत्तम शब्द गुरूच्या ओंजळीत घातला. आणि दैवाची गंमत अशी की, हा शब्द जेथे जन्मला त्याच हिंदुस्थानातून झेवियर नुकताच आला होता.

पुढे दोन वर्षे झेवियर आणि फर्नांदेझ ‘दाइनिचीस भजा’ असे सांगत फिरले. कागोशिमा, हिरादो, यामागुची; ऐन हिवाळ्यात पायी क्योटो. राजधानी लढायांनी उजाड झालेली. तेथे कोणी दाद घेईना, म्हणून १५५१ मध्ये ते यामागुचीस परतले. तेथील शिंगोन भिक्षूंनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. हे परदेशी तेंजिकु देशाहून आले होते. तेंजिकु म्हणजे हिंदुस्थान, बुद्धाची जन्मभूमी. तेथील साधू येऊन महावैरोचनाचे नाव घेतात, यापेक्षा स्वाभाविक ते काय? तुमचे आमचे एकच आहे, असे ते भिक्षू म्हणू लागले.

झेवियरला या सलगीने शंका आली. त्याने त्यांना त्रैक्याविषयी प्रश्न केला, देवाचा पुत्र मनुष्य होऊन क्रुसावर मेला हे तुम्ही मानता काय, असे विचारले. भिक्षू हसू लागले. त्या हसण्याने दोन वर्षांचे पाठांतर कोसळले. आपण ज्याच्या नावाने हाका मारीत होतो तो आपला देव नव्हेच, हे त्यास कळून चुकले. त्याने फर्नांदेझला रस्त्यांत पाठवून सांगावयास लाविले की, दाइनिचीला भजू नका. काल भजा म्हणणारा मनुष्य आज भजू नका म्हणतो, हे ऐकून यामागुचीच्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. भिक्षूंचा स्नेह त्या दिवसापासून तुटला.

आता जपानी शब्दावर भरवसा ठेवण्याची सोयच उरली नाही. म्हणून लॅटिन ‘देउस’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवला. जपानी तोंडात त्याचे ‘देउसु’, ‘दाइउसु’ झाले, आणि प्रतिपक्षास कोटी करण्याची संधी आयतीच मिळाली. कारण ‘दाइ उसो’ म्हणजे ‘मोठे असत्य’! एका खड्ड्यातून निघावे तो दुसऱ्यात पाय, असे झाले. पुढे १५५५ मध्ये बाल्ताझार गागो या पाद्र्याने असे पन्नासांहून अधिक धोक्याचे शब्द असल्याचे कळविले. क्रुसास जपानीत ‘जूमोंजि’ म्हणत. वस्तुतः त्याचा अर्थ ‘दहा’ या आकड्याचे अक्षर. ऐकणाऱ्यास वाटे की, हे परदेशी कसल्याशा आकड्याची पूजा करतात.

१५५१ च्या अखेरीस झेवियर जपान सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी ३ डिसेंबरास चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर मृत्यू पावला. त्याचा देह १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आला, हे सर्वविदित आहे. गुरुजींचे काय झाले? आंजिरो कागोशिमातून निघून चाच्यांस मिळाला आणि चीनच्या किनाऱ्यावर मारला गेला, असे त्या काळचे वृत्तलेखक सांगतात. त्याच्या भाषांतराविषयी पुढील पिढीच्या पाद्र्यांनी फार कठोर उद्गार काढले आहेत. ते सर्वस्वी न्याय्य वाटत नाहीत. ज्याने आपले अज्ञान गोव्यातच सांगून टाकले होते त्याच्याकडून पंडिताचे काम करून घेणाऱ्यांकडेही दोषाचा वाटा जातो.

खरा भाषाभ्यासी निघाला तो हुआन फर्नांदेझ. हा कोर्दोव्हाचा, धर्मसंघात शिरण्यापूर्वी रेशमी कापडाच्या व्यापारात असलेला. विद्वत्तेचा दर्प नसल्यामुळेच की काय, त्यास चुका करण्याची लाज वाटत नसे. यामागुचीच्या रस्त्यात तो वहीतून वाचून दाखवीत असता एकजण त्याच्या तोंडावर थुंकला. त्याने रुमालाने तोंड पुसले आणि जेथे थांबला होता तेथून पुढे वाचू लागला. उच्चारांस हसणाऱ्या जमावाला या शांतपणाने जे सांगितले ते वहीतील मजकुराने सांगितले नसते. ते पाहूनच एक गृहस्थ ख्रिस्ती झाला अशी नोंद आहे. याच गावी झेवियरने एका अर्धवट आंधळ्या वादकास बाप्तिस्मा दिला. बिवा नावाचे तंतुवाद्य घेऊन जुन्या वीरकथा गात गावोगाव हिंडणाऱ्यांपैकी तो एक होता. आपल्याकडील शाहीर आणि कीर्तनकार यांच्या मधली ही जात समजावी. लोरेन्सो या नावाने तो पुढे मोठा वक्ता झाला. फर्नांदेझ १५६७ मध्ये हिरादो येथे वारला, तोवर त्याच्याइतके जपानी बोलणारा दुसरा युरोपीय नव्हता.

यानंतरची काही वर्षे झरझर सांगून टाकण्यासारखी आहेत. १५७० पासून मिशनचा मुख्य असलेला काब्राल याचे मत असे की, ही भाषा शिकून येणारीच नव्हे; बुद्धिमान माणसास पापनिवेदन ऐकण्याइतकी यावयास सहा वर्षे, आणि ख्रिस्ती मंडळीपुढे प्रवचन करण्याइतकी यावयास पंधरांहून अधिक वर्षे लागतात. १५७९ मध्ये व्हालिन्यानो नावाचा इटालियन अधिकारी पाहणीस आला. त्याने काब्रालचे मत बाजूस सारले, नवीन येणाऱ्यांस भाषेचे रीतसर शिक्षण सक्तीचे केले आणि व्याकरण व कोश तयार करण्याचा हुकूम सोडला. स्वतः व्हालिन्यानो मात्र जपानी कधीच शिकला नाही; तो अखेरपर्यंत दुभाष्यांवर विसंबून राहिला. शाळाखात्यात असे अधिकारी ज्यांनी पाहिले असतील त्यांना यात विसंगती वाटणार नाही.

व्हालिन्यानोने १५८२ मध्ये चार जपानी मुलांचे एक शिष्टमंडळ युरोपास धाडले. पोपचे दर्शन घेऊन परत येताना ती मुले, आता तरुण झालेली, १५८७ च्या मे महिन्यात गोव्यास उतरली व जवळजवळ वर्षभर राहिली. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्हो याने सेंट पॉलच्या विद्यालयात लॅटिनमध्ये भाषण केले आणि ते १५८८ मध्ये गोव्यासच छापले गेले. जेथे चाळीस वर्षांपूर्वी आंजिरो पोर्तुगीज मुळाक्षरे गिरवीत होता, तेथेच एक जपानी तरुण लॅटिन वक्तृत्व करीत उभा राहिला. या मंडळींनी युरोपातून एक छापखाना बरोबर घेतला होता. तो १५९० मध्ये जपानात पोचला.

त्या छापखान्यातून निघालेले एक पुस्तक नवशिक्या विद्यार्थ्यासाठी मुद्दाम तयार केलेले होते. आंधळे बिवावादक गात ती हेइके घराण्याच्या उदयास्ताची कथा, बोलचालीच्या जपानीत, दोन माणसांच्या संवादाच्या रूपाने आणि संपूर्ण रोमन अक्षरांत. आमाकुसा येथे १५९२-९३ मध्ये ते छापले. जपानची भाषा व इतिहास जाणू इच्छिणाऱ्यांसाठी, असे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले होते. ते रचले फाबियान नावाच्या जपानी धर्मबंधूने. पुढे याच फाबियानने ख्रिस्ती धर्म सोडून त्याच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. बौद्धांची कथा म्हणून तिचा विटाळ न मानता तीच पाठ्यपुस्तक म्हणून नेमावी, एवढा शहाणपणा दाइनिचीच्या प्रकरणानंतर चाळीस वर्षांत आला होता. रोमन अक्षरांत देशी भाषा छापण्याची ही रीत मराठी वाचकासही अपरिचित नाही. व्हालिन्यानो जपानात उतरला त्याच वर्षी, १५७९ मध्ये, गोव्यास आलेला फादर स्टीफन्स याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले, तेही रोमन अक्षरांतच.

मग १६०३ मध्ये नागासाकी येथे जपानी-पोर्तुगीज कोश छापला आणि दुसऱ्या वर्षी त्याची पुरवणी निघाली. दोन्ही मिळून सुमारे ३२,००० शब्द त्यात आहेत. पोर्तुगीज पाद्री आणि जपानी सहकारी यांनी मिळून तो रचला. आंजिरोकडे जे नव्हते ते या सहकाऱ्यांकडे होते. म्हणूनच त्यात नुसता अर्थ देऊन भागविलेले नाही. शब्द क्योटोकडचा की क्यूशूचा, कवितेतला की बौद्ध ग्रंथांतला, बायकांच्या तोंडचा की हलक्या बोलीतला, अशा खुणा ठिकठिकाणी केल्या आहेत. पाद्र्यांची बहुतेक वस्ती क्यूशूत. पण विद्यार्थ्याने प्रमाण मानावे ते क्योटोचे बोलणे, असा त्यांचा कटाक्ष होता. एका शब्दाने पोळलेली ही माणसे आता प्रत्येक शब्द फुंकून पीत होती.

या कोशाच्या जोडीस १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथेच जोआव रोद्रिगेस याचे मोठे व्याकरण छापले. रोद्रिगेस पंधरासोळा वर्षांचा असताना जपानात आला व तेथेच वाढला. लोक त्यास ‘त्सुझु’ म्हणजे दुभाषी म्हणत. हिदेयोशी आणि इएयासु या दोघाही सत्ताधीशांपुढे त्याने दुभाष्याचे काम केले. जपानी त्यास इतके आले की त्याचे पोर्तुगीज ओबडधोबड राहिले. पुढे मकाव येथे १६२० मध्ये छापलेल्या लहान व्याकरणात त्याने विद्यार्थ्यास केलेला उपदेश आजच्या वर्गांतही लावण्याजोगा आहे: शिक्षक जपानी असावा, आणि वाचावयास पाद्र्यांनी केलेली भाषांतरे न घेता त्या भाषेतील मूळचे अभिजात ग्रंथ घ्यावे.

१६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी झाली. पाद्री हाकलले गेले, छापखानाही मकावला गेला, पुस्तके जपानात बहुतेक नष्ट झाली. कोशाच्या मोजक्या प्रती युरोपातील ग्रंथालयांत उरल्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या लेओं पाजेस याने तो फ्रेंचमध्ये आणला. पुढे जपानी पंडितांनीच तो उचलून धरला, आणि ज्या विद्यार्थ्यांच्या उच्चारांस कागोशिमाचे लोक हसले होते त्यांच्याच वारसांकडून आपल्या पूर्वजांचे उच्चार कसे होते हे ते शिकू लागले. कारण जपानी अक्षर शतकानुशतके तेच राहते. त्याचा आवाज बदलला तरी कागदावर कळत नाही. पाद्र्यांनी मात्र कानी पडले तसे रोमन लिपीत टिपले होते.

त्या पुस्तकांत ‘हेइके’ असे कोठेही नाही, ‘फेइके’ आहे. आज जपानी मनुष्य फुलास ‘हाना’ म्हणतो, कोशात ‘फाना’ छापले आहे. माणूस ‘हितो’ नव्हे, ‘फितो’; वसंत ‘हारु’ नव्हे, ‘फारु’. दोन्ही ओठ जवळ आणून हलकी फुंकर घालावी तसा तो फकार होता. त्याच्याही पूर्वी, अतिप्राचीन काळी, त्या जागी स्वच्छ ‘प’ असावा असे भाषाशास्त्री मानतात. पुढे ओठ ढिले पडत गेले आणि बाकी सर्वत्र ‘ह’ झाला. फक्त उकारापुढे ओठ आपोआप मिटू लागतात म्हणून ‘फु’ तेवढा राहिला. संस्कृत अक्षरांच्या धर्तीवर ओळ लावणाऱ्या भिक्षूंनी त्या वर्णास ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये बसविले तेव्हा तो ओठांनीच उच्चारला जात होता, आणि ओष्ठ्य वर्णाची जागा तीच.